नाही म्हणायची नोकरी

आमच्या बुटारिटारी बेटावर कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणजे जीभ आहे, पण रीत नाही. नात्यातल्या माणसानं दारात येऊन शब्द टाकला, की तो खाली पडू द्यायचा नाही. सायकल मागितली, द्यायची. अंगावरचा शर्ट मागितला, डोक्यावरून काढून हातात द्यायचा. आणि या बेटावर एकमेकांच्या नात्यात नाहीत अशी दोन माणसं शोधून सापडायची नाहीत. ज्यानं दिलं त्यालाही पुढे कधीतरी मागता येतं, म्हणून सगळं निभतं. माझी कुऱ्हाड चार घरं फिरून परत माझ्याच दारात आलेली मी पाहिली आहे. दांडा मात्र दुसराच होता.

पण विमानाला हे कोण समजावणार?

ताओरिबानं जवळजवळ वीस वर्षं हीच नोकरी केली. विमानतळावरच्या वजनकाट्यापाशी उभं राहायचं आणि माणसांना नाही म्हणायचं. मी तेबाऊ, तिथल्याच धावपट्टीवर डुकरं आणि कुत्री हाकलायला होतो. विमानाचा आवाज आला की मी काठी घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरडत जायचो. त्यामुळे तिचं बरंवाईट मी जेवढं पाहिलं, तेवढं तिच्या नवऱ्यानंही पाहिलं नसेल. तो बिचारा परदेशी जहाजांवर खलाशी. दोन वर्षांनी घरी यायचा, दोन महिने झोपायचा आणि परत जायचा.

नोकरी तिला मिळाली ती तिच्या बापामुळे. पट्टी अमेरिकनांनी लढाईत बांधलेली. जपान्यांना हुसकावल्यावर आठवडाभरात त्यांनी माड पाडले, अळू लावायचे खड्डे बुजवले, वर प्रवाळाचा चुरा टाकून रोलर फिरवला. लढाई संपली तसे ते गेले, आणि पट्टीवर गवत माजलं. खूप वर्षांनी सरकारनं ती साफ करून छोटी विमानं सुरू केली, तेव्हा ताओरिबाचा बाप बाउरो विमान कंपनीच्या साहेबापुढे जाऊन उभा राहिला.

"विमान कुणाच्या जमिनीवर उतरणार?"

"सरकारच्या," साहेब म्हणाला.

"सरकार तारावात राहतं. जमीन इथे आहे आणि ती माझ्या बापाची. तिकीट फाडणारं माणूस माझ्या घरातलं हवं."

साहेबाला विमान पकडून परत जायचं होतं. त्यानं मान डोलावली.

पहिले काही महिने ताओरिबाला नाही म्हणताच येईना. कुणी म्हणायचं, पोरीच्या सासरी एवढे दोन घड केळी पोचव गं. कुणी म्हणायचं, नीरफणसाचं एक पोतं, त्यात काय जड आहे? ती म्हणायची, ठेव. शेवटी वैमानिक खाली उतरून सगळं बाहेर काढायचा आणि पट्टीच्या कडेला केळ्यांचा बाजार भरायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "बाई, ही होडी नाही. बुडायला लागली तर पाणी उपसता येणार नाही."

ते तिला लागलं. त्या दिवसापासून ती बदलली. माणूस काट्यावर चढला की आकड्यापुढे स्वतः उभी राहायची, म्हणजे मागच्या रांगेला दिसू नये. आकडा कधी मोठ्यानं सांगायची नाही. आमच्यातला लठ्ठ पाद्री चढायचा तेव्हा सगळी रांग माना उंचावायची.

"किती भरला गं, ताओरिबा?"

"देवाला जेवढा पेलतो तेवढा," ती म्हणायची. "पुढचं कोण?"

पण भार जास्त झाला की ती शांतपणे म्हणायची, "हे नाही जाणार." आधी केळी, मग पोती, आणि कधीकधी माणूस. "मी नाही म्हणत, काटा म्हणतो," असंही सांगून बघायची. पण काट्याला कुणी भाऊबहीण मानत नाही. राग तिच्यावरच निघायचा.

सगळ्यात वाईट झालं ते किनाईच्या बाबतीत. किनाई तिची सख्खी चुलत बहीण, बाउरोच्या थोरल्या भावाची मुलगी. दोघी एकाच चटईवर वाढलेल्या. किनाईच्या बापाला तारावाच्या रुग्णालयात नेलं होतं, आणि तिकडून निरोप आला की आता यायचं तर लगेच या. त्या दिवशी विमान गच्च भरलेलं. रात्रभर पाऊस झाल्यानं पट्टी मऊ होती आणि वैमानिकानं आधीच बजावलं होतं, आज एक नारळही जास्त नको. किनाई काट्यापाशी आली, सगळ्यांच्या देखत.

"ताओरिबा, मी शब्द टाकतेय."

ताओरिबानं वैमानिकाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. तिनं रांगेतल्या माणसांकडे पाहिलं. ती सगळी जमिनीकडे बघत होती.

"नाही जमणार, किनाई. पुढच्या विमानात पहिली तू."

पुढचं विमान यायच्या आत म्हातारा गेला. तो ताओरिबाचाही काकाच. त्यानंच तिला पोहायला शिकवलं होतं. पण रडायला ती किनाईच्या घरात जाऊ शकली नाही. मैताला तिनं पाठवलेला तांदूळ परत आला.

तिनं त्या दिवशी दुसऱ्या कुणाला उतरवायला हवं होतं का? लोक अजून यावर भांडतात. मला विचाराल तर कुणाला उतरवणार होती? ज्याला उतरवलं असतं तोही कुणाच्या तरी मरणाला, नाहीतर बारशालाच चालला होता.

त्यानंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ताओरिबानं कुणाकडे काही मागणं सोडून दिलं. जी देत नाही तिनं मागायचं कुठल्या तोंडानं? सुई मोडली तर जहाज येईपर्यंत थांबायची, पण शेजारणीकडे जायची नाही. घरात मासा नसला तर नुसतं अळू उकडून खायची. एकदा मी म्हटलं, "अगं, माझ्याकडे दोन आहेत, मागून तरी बघ!" तर हसून म्हणाली, "तुझी डुकरं बघ तू, तेबाऊ. चाललीत पट्टीवर."

बाउरोचं अगदी उलट होतं. त्याच्याकडे एक मोठं मागणं शिल्लक होतं आणि ते तो आयुष्यभर सांभाळून होता. तो सांगायचा, की लढाईत अमेरिकनांचा एक अधिकारी दुभाष्याला घेऊन त्याच्या बापाकडे आला, मांडी घालून चटईवर बसला, आणि म्हणाला, आम्हाला ही जमीन हवी आहे. त्यानं शब्द टाकला. बापानं रीतीप्रमाणे दिली. माड दिले, पणजोबांनी खणलेले अळूचे खड्डे दिले. "मग आता आमची पाळी राहिली," बाउरो म्हणायचा. सरकारचं भाडं मिळतं ना, असं कुणी म्हटलं तर चिडायचा. "भाडं सरकारचं. मागितलं अमेरिकननं. येईल एक दिवस त्यांचा कुणीतरी."

आणि खरंच एक आला. वेंडेल नाव, साठीला टेकलेला, कान उन्हानं लाल झालेले. त्याचा बाप लढाईत याच पट्टीवर रोलर चालवायला होता, नुकताच वारला होता. बापानं काम केलेली जागा बघायला पोरगा आला होता. रोज सकाळी पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. मला वाटायचं, ह्याला काठी द्यावी, माझं काम तरी हलकं होईल.

आमच्या लोकांनी त्याला लगेच घरचा मानला. म्हणजे मागायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी टोपी गेली. मग चाकू, मग विजेरी, मग चपला. तो बावचळायचा, पण द्यायचा. आठवड्यात तो एक शर्ट, एक चड्डी आणि दोन पेट्यांवर आला. पेट्यांना कुलूप होतं म्हणून त्या वाचल्या.

फक्त बाउरोनं काही मागितलं नाही. संध्याकाळी सभाघरात बसून तो सगळ्यांचा सल्ला घेत होता. कुणी म्हणे होडीचं इंजिन माग, कुणी म्हणे बर्फाचं यंत्र. माझी बायको म्हणाली, सगळ्या गावाला पत्रे मागा, पावसात झोप तरी लागेल. बाउरो फक्त हसायचा.

"निघताना मागणार," तो मला म्हणाला. "निघणारा माणूस जास्त देतो."

वेंडेल निघायच्या दिवशी निम्मं गाव विमानतळावर आलं होतं. विमान पकडायला नव्हे, बाउरो काय मागतो ते ऐकायला. म्हातारा स्वच्छ लुंगी लावून, केसांना तेल चोपडून झाडाखाली खोक्यावर बसला होता. किनाईही होती. नातवाचा पहिला वाढदिवस तारावाला होता, तिचं तिकीट होतं. ताओरिबानं तिला काट्यावर घेतलं, पावती दिली. दोघींत शब्द नाही. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं.

विमान उतरलं, सामान चढलं, माणसं चढायला लागली, आणि तेवढ्यात कुमाच्या बाजूनं ट्रक आला. कुमा आमच्या बेटाचं पार टोक. चालक लांबूनच भोंगा दाबत होता. मागे चटईवर ताबेरा नावाची तरणी पोर, पहिलटकरीण. दिवस भरायचे होते, पण अंगावरून रक्त चाललं होतं. तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन देवाचं नाव घेत होती. दवाखान्याची नर्सबाई खाली उडी मारून थेट ताओरिबाकडे आली.

"हिला आत्ता न्यायला पाहिजे. आणि मलाही बरोबर जायला पाहिजे, वाटेत काही झालं तर कोण बघणार? दोन जागा."

विमानात एकही जागा रिकामी नव्हती. वैमानिक म्हणाला, "दोघं उतरले तर नेतो. कोण ते तुम्ही ठरवा, पण लवकर."

मी ताओरिबाच्या शेजारीच होतो. तिचा चेहरा पाहिला. वीस वर्षं ती माणसांना सांगत आली होती, तुझी जागा नाही. ज्याची जागा आहे त्याच्याकडे ती मागायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं विमानाच्या दाराकडे पाहिलं. आत किनाई बसलेली दिसत होती. ताओरिबाची नजर तिथून सरकली. वेंडेल अजून शिडीपाशी उभा राहून लोकांचे हात हातात घेत होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. इंग्रजी तिला कंपनीनं शिकवलेलं, तिकिटापुरतं; तिच्या शेजारी राहून मलाही थोडं कळायचं. ते तिनं कसंबसं जुळवलं.

"मिस्टर वेंडेल, लढाईत तुमच्या माणसांनी माझ्या आजोबांकडे ही जमीन मागितली. आजोबांनी दिली. आता मी मागते. मला तुमची जागा द्या."

ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनाही कळलं. बाउरो खोक्यावरून उठला.

"अगं ए! ते माझं होतं!"

वेंडेलनं ट्रककडे पाहिलं. "अहो, हे काय विचारायचं?" तो म्हणाला. "घ्या ना!" आणि धावत जाऊन स्वतःच्या पेट्या स्वतःच खाली ओढायला लागला.

दुसरी जागा राहिली होती. ताओरिबा शिडी चढून दारात गेली. तोंड उघडलं, पण तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत किनाई उठली होती. पिशवी काखेत मारून ती बाहेर आली. शेजारून जाताना थांबली.

"मला विचारू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "विचारलंस तर दिल्यासारखं होईल. मी आपली उतरतेय."

आणि केळ्यांच्या घडांमधून वाट काढत, मागे न बघता ती घराकडे चालायला लागली. नातवाच्या वाढदिवसाला नेसायची कोरी लुंगी तिच्या पिशवीतून डोकावत होती.

ताबेराला चटईसकट उचलून आत घेतलं. विमान गेलं. गर्दी मात्र हलली नाही, कारण बाउरो आता रंगात आला होता.

"माझ्या बापानं माड दिले, खड्डे दिले! आणि तू काय मागितलंस? एक खुर्ची! तीही कुमाच्या पोरीसाठी! कुमाच्या लोकांनी आपल्याला कधी एक मासा दिलाय?"

"बाबा, ती मेली असती."

"मग नुसतं मागायचं होतंस! मरणाऱ्यासाठी कोणीही देतो. त्यात आजोबाला कशाला ओढलंस?"

म्हातारा बरोबर बोलत होता. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो खोक्यावर परत बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्यानं दिलं ते पोरीच्या पोटाकडे बघून. जमिनीसाठी नाही दिलं. म्हणजे आमचं मागणं अजून शिल्लक आहे." सभाघरात यावर दोन संध्याकाळी वाद झाला. कुमाचे लोक म्हणाले फिटलं, आमच्या गावचे म्हणाले फिटलं नाही.

वेंडेल पुढच्या विमानापर्यंत बाउरोच्याच घरी राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हातारा नीरा उतरवायला माडावर चढला होता तेव्हा, वेंडेलनं ताओरिबाला विचारलं, काल तुम्ही आमच्या माणसांनी जमीन मागितल्याचं म्हणालात, ते काय? मी तिथेच बसून जाळं दुरुस्त करत होतो. ताओरिबानं मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत सगळं सांगितलं. अधिकारी, दुभाष्या, चटई.

"माझे वडील असं सांगायचे नाहीत," वेंडेल म्हणाला. "ते म्हणायचे, हुकूम आला आणि आम्ही रोलर फिरवला. कुणाला विचारायला वेळच नव्हता. एक माणूस खड्ड्याच्या काठावर पोराचा हात धरून उभा होता, तो आमच्या अंगावर ओरडत होता. वडिलांना त्याची भाषा कळली नाही. म्हातारपणी ते पुष्कळदा म्हणायचे, तो काय म्हणत होता कुणास ठाऊक."

वर माडावर बाउरो गाणं म्हणत होता. नीरा उतरवताना आमच्यात गातात, म्हणजे खालच्यांना कळतं की वर माणूस आहे. गाणं संपेस्तोवर ताओरिबा वर बघत राहिली. मग मला म्हणाली, "हे बाबांना सांगायचं नाही हं, तेबाऊ."

पण पोटात ठेवणं तिलाच जमलं नाही. वेंडेल गेल्यावर काही दिवसांनी आम्ही तिघं पट्टीच्या कडेचं गवत कापत होतो. ती एकदम म्हणाली, "बाबा, त्या अधिकाऱ्याला तुम्ही स्वतः पाहिलं होतं?"

बाउरोनं विळा थांबवला नाही.

"वेंडेल काय म्हणाला?"

तिनं सांगितलं.

"तो पोरगा मी," बाउरो म्हणाला. "हात धरलेला. इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती."

"मग चटई? दुभाष्या?"

"कुणी आलं नव्हतं. तुझा आजोबा त्या रात्री घरी आला आणि आईला म्हणाला, त्यांनी मागितली, मी दिली. आई म्हणाली, बरं केलंत." त्यानं गवताची मूठ बाजूला टाकली. "आता ज्याच्याकडून घेतलं तोच म्हणतो मी दिलं, तर आपण कोण नाही म्हणणारे?"

"आणि इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना..."

"माझ्या बापानं सांगितलं तेच सांगितलं. तूही तेच सांगायचंस. आणि तू रे, तेबाऊ, तू बहिरा आहेस. कळलं?"

मी म्हटलं, "काय म्हणालात, काका?" तो खूश झाला. तो गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि ताओरिबानंच मला सांगितलं की आता बोललास तरी चालेल.

त्याच आठवड्यात एका दुपारी ताओरिबा किनाईच्या घरी गेली. मी बरोबर गेलो, कारण एकटी जायचा तिला धीर होईना. किनाईचा नवरा नुकताच बेटाच्या आतल्या, उथळ समुद्रातून मासे धरून आला होता. किनाई ओसरीवर मासे साफ करत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"किनाई, एक मासा दे," ताओरिबा म्हणाली.

"का? तुमच्याकडे नाहीत?"

"आहेत."

"मग?"

"तरी दे."

किनाईनं सुरी खाली ठेवली. तिनं ताओरिबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता ही इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढणार. काढलंही.

"माझा बाप वाट बघून गेला, ताओरिबा."

"माहीत आहे."

"शेवटी माझं नाव घेत होता म्हणे."

"माहीत आहे."

"तुझंही घेत होता," किनाई म्हणाली. "ते नाही तुला माहीत. मी कुणाला सांगू दिलं नाही."

ताओरिबा पायरीवर खाली बसली, आणि मग ती रडायला लागली. मैताला रडायचं राहून गेलं होतं ते. किनाई मासे साफ करतच राहिली. तिचेही डोळे गळत होते, पण हात माशांनी बरबटलेले असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हते. बऱ्याच वेळानं तिनं परातीत हात घातला, शोधून शोधून सगळ्यात लहान मासा काढला आणि ताओरिबाच्या हातावर ठेवला.

"एवढाच मिळेल. आणि आधी काट्यावर चढून ये."

मी हसलो. ताओरिबाही नाक पुसत हसली. किनाई मात्र हसली नाही. ती मनापासून म्हणाली होती.

ताबेराला तारावाला मुलगा झाला. विमानातून परत आली तेव्हा पोर इतकं गुटगुटीत होतं की नर्सबाई म्हणाली, याचं अर्धं तिकीट लावायला हवं. कुमाहून त्या वर्षी बाउरोकडे टोपल्या भरभरून मासे यायचे. तो खायचा आणि प्रत्येकाला सांगायचा, "हे पोरीचं. जमिनीचं बाकी आहे."

आणि किनाई? महिनाभरानं ती ताओरिबाच्या दारात आली. आली ती सरळ आत गेली. ताओरिबाच्या नवऱ्यानं जहाजावरून आणलेलं हातानं फिरवायचं शिवणयंत्र कोपऱ्यात होतं, त्यावर हात ठेवून म्हणाली, "हे दे."

ते यंत्र ताओरिबाचा जीव की प्राण. बेटावर तसं दुसरं नव्हतं. तिनं एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा किनाईकडे.

"धर त्या बाजूनं," ती म्हणाली. "जड आहे."

दोघींनी मिळून ते भर उन्हात रस्त्यानं नेलं. वाटेत दोनदा खाली ठेवून दम खाल्ला, आणि दोन्ही वेळा कुणाची बाजू जास्त जड आहे यावरून भांडल्या.